लंडन ते ॲम्स्टरडॅम: ५६ मिनिटांचा हिशेब

युरोपातील कोणत्याही दोन शहरांची नावे टाकली की त्यांच्यातील हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ क्षणात सांगणारी मोफत संकेतस्थळे आता भरपूर झाली आहेत. त्यांपैकी एक मी गेले वर्षभर नियमित वापरते आहे, कारण कामानिमित्त लंडन आणि ॲम्स्टरडॅम यांच्यामध्ये माझी सतत ये-जा असते आणि अधूनमधून त्यात एखाद्या तिसऱ्या शहराची भर पडते. संकेतस्थळाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण ज्या उणिवेबद्दल मला प्रामुख्याने लिहायचे आहे ती मला याच धर्तीच्या आणखी दोन-तीन गणकांतही आढळली आणि एकट्यालाच झोडपणे अन्यायाचे होईल. थोडक्यात माझे मत असे, की या पानावरचा अंतराचा आकडा डोळे झाकून घ्यावा आणि वेळेचा आकडा, विशेषतः जवळच्या शहरांसाठी, मुळीच घेऊ नये.

हे मत बनायला एक निमित्त घडले, आणि त्यात चूक माझीच होती. ॲम्स्टरडॅमला लागून असलेल्या ॲम्स्टेलवेन या गावात माझा मावसभाऊ राहतो. तो मला स्किपॉल विमानतळावर घ्यायला येणार होता. मी त्याला तिकीट पाठवायचे सोडून केवळ विमान सुटण्याची वेळ, म्हणजे सकाळी ८ वाजून १० मिनिटे, आणि या संकेतस्थळाच्या पानाचा दुवा एवढेच पाठवले. पानावर ५६ मिनिटे असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. त्याने घड्याळातला एका तासाचा फरक धरून १० वाजून ६ मिनिटांचा हिशेब केला आणि दहाच्या ठोक्याला विमानतळावरच्या लाल-पांढऱ्या चौकटींच्या त्या मोठ्या ठोकळ्यापाशी, जिथे स्किपॉलवर सगळे जण एकमेकांची वाट पाहतात, येऊन उभा राहिला. मी पासपोर्ट तपासणी उरकून त्याच्यासमोर आले तेव्हा ११ वाजून १० मिनिटे झाली होती. "ताई, तुझी छप्पन्न मिनिटं फार लांबली," एवढेच तो म्हणाला. विमान तर वेळेवर आले होते! मग या ५६ मिनिटांचा उगम शोधून काढावा, असे मी मनावर घेतले.

आधी जे चांगले आहे त्याविषयी. पान हलके आहे, पटकन उघडते, नोंदणी मागत नाही आणि शहराच्या नावाची पहिली तीन-चार अक्षरे टाकताच पर्याय दाखवते. किलोमीटर, मैल आणि सागरी मैल या तिन्ही मापांत उत्तर मिळते. शहराऐवजी विमानतळाची तीन अक्षरी खूणही चालते, आणि माझा आग्रहाचा सल्ला असा, की नेहमी तीच वापरावी. नुसते लंडन आणि ॲम्स्टरडॅम असे टाकले तर उत्तर ३५८ किलोमीटर येते. हे एका शहराच्या मध्यापासून दुसऱ्या शहराच्या मध्यापर्यंतचे अंतर आहे, आणि शहराच्या मध्यातून कोणतेही विमान उडत नाही. हीथ्रो ते स्किपॉल असे टाकले की ३७० किलोमीटर येतात. गॅटविकपासून हेच अंतर ३६५, ल्यूटनपासून ३५४, लंडन सिटीपासून ३३५ आणि स्टॅनस्टेडपासून अवघे ३१३ किलोमीटर भरते. म्हणजे 'लंडन ते ॲम्स्टरडॅम' या एकाच प्रश्नाची उत्तरे ५७ किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत, आणि आपण त्यांतले कोणते उत्तर देत आहोत हे पान कुठेही सांगत नाही. एक ओळ लिहिली असती तर काम भागले असते.

विमानतळ नेमका निवडला, की मग मात्र अंतराचा आकडा चोख असतो. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांवर खुंट्या मारून त्यांच्यात दोरा ताणला तर तो ज्या वाटेने जाईल तिला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असले की या दोऱ्याची लांबी शाळकरी त्रिकोणमितीने काढता येते. पृथ्वी अचूक गोल नाही, विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवांपाशी ६३५७ किलोमीटर आहे. त्यामुळे ६३७१ ही सरासरी त्रिज्या धरून हिशेब करणारा गणक आणि पृथ्वीचा चपटेपणा लक्षात घेणारा गणक यांच्या उत्तरांत किंचित तफावत पडते. एवढ्या छोट्या अंतरात ती एखाद-दुसऱ्या किलोमीटरची असते. मी हाच आकडा 'ग्रेट सर्कल मॅपर' या विमानप्रेमींच्या जुन्या आणि विश्वासू संकेतस्थळावर पडताळून पाहिला, आणि दोन्ही आकडे जुळले. सागरी मैलांत तर हे अंतर अगदी गोळाबेरीज २०० भरते, कारण एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर.

आता वेळ. पानावर वेळ कशी काढली याचा खुलासा नव्हता, म्हणून मी दुसरी एक जोडी घेतली: लिस्बन आणि हेलसिंकी, युरोपाच्या नैर्ऋत्य टोकापासून थेट ईशान्येपर्यंत. अंतर आले ३३६४ किलोमीटर आणि वेळ आली ४ तास २७ मिनिटे. दोन्ही जोड्यांच्या अंतरातला फरक २९९४ किलोमीटर आणि वेळेतला फरक २११ मिनिटे. भागाकार केला तर ताशी ८५० किलोमीटर. या वेगाने ३७० किलोमीटर जायला २६ मिनिटे लागतात. त्यांत ३० मिनिटे मिळवली की झाली ५६. आणखी तीन जोड्या घालून पाहिल्या, सूत्र तेच निघाले. म्हणजे उड्डाणाची वेळ म्हणून जे छापले जाते ते ताशी ८५० किलोमीटरचा ठरावीक भागाकार आणि वर सरसकट अर्धा तास, याहून अधिक काही नाही. त्यात विमान कोणते, विमानतळ कोणता, वारा कुठला, दिशा कोणती, यांतल्या एकाही गोष्टीला जागा नाही.

पुढच्या फेरीला मी वही आणि घड्याळ घेऊन बसले. त्याच वेळचे विमान, ८.१०चे, तिकिटावर पोहोचण्याची वेळ स्थानिक १०.३५, म्हणजे १ तास २५ मिनिटे. विमान ८.१४ ला गेटपासून मागे ढकलले गेले आणि धावपट्टीच्या तोंडाशी लागलेल्या रांगेत हळूहळू सरकत ८.३७ ला उडाले. चाके स्किपॉलच्या जमिनीला लागली तेव्हा लंडनच्या घड्याळात ९.१८ झाले होते. गेटवर विमान थांबले ९.३२ ला, आणि दार उघडले ९.३६ ला. गेट ते गेट ७८ मिनिटे, त्यांतली हवेत फक्त ४१. उरलेली ३७ मिनिटे आम्ही एका यंत्रात बसून डांबरावरून फिरत होतो. गणकाने जमिनीवरच्या वेळेसह सगळ्या किरकोळ गोष्टींसाठी जो अर्धा तास धरला होता, तो एकट्या जमिनीनेच खाऊन वर आणखी सात मिनिटे मागितली.

आणि हवेतली ४१ मिनिटे तरी २६ का नव्हती? याचे कारण त्या विमानात खिडकीशी बसलेल्या कोणालाही दिसले असते. हीथ्रोवर वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो आणि विमाने वाऱ्याला तोंड देऊन उडतात, म्हणून वर्षाचा साधारण ७० टक्के काळ उड्डाणे पश्चिमेकडे होतात. ॲम्स्टरडॅम आहे पूर्वेला. त्यामुळे आपण आधी उलट दिशेने उडतो, मग मोठे वळण घेतो, आणि काही मिनिटांनी ज्या लंडनला पाठ दाखवून निघालो त्याच्याच बगलेने पुन्हा पूर्वेकडे जातो. ही मिनिटे ३७० किलोमीटरच्या दोऱ्यात कुठेच नाहीत. शिवाय १०,००० फुटांच्या खाली विमानांना साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटरची मर्यादा असते. चढताना आणि उतरताना ती पाळावी लागते, आणि एवढ्या छोट्या प्रवासात चढणे-उतरणे हाच मुख्य भाग असतो. ताशी ८५० किलोमीटरचा वेग लंडनहून ॲम्स्टरडॅमला जाणारे विमान जेमतेम काही मिनिटे टिकवते. त्या फेरीला सेवकवर्गाने पाण्याचे पेले वाटले, आणि माझा पेला रिकामा होण्याआधीच पिशवी घेऊन ते गोळा करायला परत आले.

स्किपॉलबद्दल वेगळे लिहिलेच पाहिजे. या विमानतळाला सहा धावपट्ट्या आहेत, आणि त्यांतली २००३ साली सुरू झालेली पोल्डरबान ही ३८०० मीटर लांबीची धावपट्टी टर्मिनलपासून इतकी दूर आहे, की तिच्यावर उतरलेले विमान गेटपर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटे सहज घेते. माझी १४ मिनिटे तिचीच. प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला वाटते की वैमानिक वाट चुकला: दोन्ही बाजूंना हिरवी शेते, मध्येच पाण्याचा कालवा, आणि मग विमान चक्क एका पुलावरून ए५ महामार्ग ओलांडते, खालून मोटारी धावत असतात. हा सगळा भाग एके काळी हार्लेमरमेअर नावाचे सरोवर होता आणि एकोणिसाव्या शतकात ते उपसून कोरडे केले गेले, त्यामुळे आपण समुद्रसपाटीच्या सुमारे तीन मीटर खाली चालत असतो. दृश्य म्हणून मला हे फार आवडते. घाईत असणाऱ्याला आवडेलच असे नाही. मात्र स्किपॉलवर उतरणारे विमान दर वेळी पोल्डरबानवरच उतरते असेही नाही. वारा आणि वेळ पाहून धावपट्टी बदलते, आणि जवळची मिळाली तर तीच १४ मिनिटे पाचावर येतात. विमान कंपन्या हे सारे अनुभवाने जाणतात, म्हणूनच तिकिटावरच्या वेळेत त्या थोडी ऐसपैस जागा ठेवतात. माझ्या फेरीत ७८ मिनिटांच्या कामाला ८५ मिनिटे दिलेली होती, आणि चार मिनिटे उशिरा सुटूनही आम्ही तीन मिनिटे आधी गेटवर पोहोचलो होतो.

परतीच्या प्रवासासाठी गणक पुन्हा ५६ मिनिटेच दाखवतो, कारण दोरा दोन्हीकडून सारखाच लांब असतो. प्रत्यक्षात पश्चिमेकडे येताना वारा बहुधा समोरून लागतो, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हीथ्रोवर उतरण्याची रांग हवेत लागते. लंडनच्या चार बाजूंना बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल अशी चार ठिकाणे आहेत, जिथे विमाने एकावर एक थर करून गोल गोल फिरत आपली पाळी येण्याची वाट पाहतात. ॲम्स्टरडॅमहून येणाऱ्यांच्या वाट्याला साधारणपणे ईशान्येचे लॅम्बोर्न येते. एकदा मी तिथे तीन फेऱ्या मोजल्या, आणि प्रत्येक फेरीत तेच गोल्फचे मैदान पंखाखालून जाताना पाहिले. या सक्तीच्या प्रदक्षिणांचा गणकाला पत्ताच नसतो.

लांबच्या शहरांच्या बाबतीत मात्र हाच गणक बऱ्यापैकी खरा ठरतो, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. लिस्बन ते हेलसिंकी थेट विमानाच्या वेळापत्रकात साडेचार ते पावणेपाच तास असतात, आणि गणक ४ तास २७ मिनिटे सांगतो. जमिनीवरचा वेळ आणि वळणे ही अंतराच्या मानाने वाढत नाहीत, त्यामुळे तीन हजार किलोमीटरच्या प्रवासात ती विरघळून जातात आणि तीनशेच्या प्रवासात उठून दिसतात. माझ्या अनुभवाने हजार किलोमीटरच्या आतल्या जोडीसाठी पानावरच्या वेळेत आणखी २०-२५ मिनिटे घालावीत, आणि विमानतळ हीथ्रो किंवा स्किपॉलएवढा गजबजलेला असेल तर अर्धा तास.

अंतराच्या आकड्याचा एक उपयोग असा आहे की ज्यात खरोखर पैसे गुंतलेले असतात, आणि केवळ त्यासाठी मी हे पान खुणेच्या यादीत ठेवले आहे. विमानाला मोठा उशीर झाल्यास युरोपीय संघाच्या २००४ सालच्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार प्रवाशाला मिळणारी भरपाई अंतरावर ठरते: १५०० किलोमीटरपर्यंत २५० युरो, आणि संघाच्या आतल्या त्याहून लांबच्या उड्डाणांना ४०० युरो. प्रश्न असा, की वाटेत विमान बदलले तर अंतर कोणते धरायचे? रोमहून ब्रुसेल्समार्गे हॅम्बर्गला गेलेल्या काही प्रवाशांनी हा वाद युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत नेला. दोन्ही टप्पे मिळून १६५६ किलोमीटर होत होते, पण रोम ते हॅम्बर्ग सरळ अंतर १३२६ होते. २०१७ साली न्यायालयाने निर्णय दिला की आरंभस्थान आणि अंतिम स्थान यांच्यातील ग्रेट सर्कल अंतरच धरावे, प्रत्यक्ष कापलेले अंतर नव्हे. म्हणजे २५० युरो. हा आकडा काढण्यासाठी आपला गणक अगदी योग्य साधन आहे, कारण तो नेमके हेच अंतर मोजतो.

वेळेच्या बाबतीत तेच न्यायालय २०१४ साली गणकापेक्षा कितीतरी बारकाईने वागले होते. साल्झबुर्गहून कोलोन-बॉन विमानतळावर आलेल्या एका विमानाची चाके २ तास ५८ मिनिटे उशिरा जमिनीला लागली, आणि ते जागेवर थांबले तेव्हा उशीर ३ तास ३ मिनिटांचा झाला होता. भरपाईची रेषा तीन तासांवर. विमान पोहोचले कधी म्हणायचे? न्यायालय म्हणाले, निदान एक दार उघडून प्रवाशांना बाहेर पडायची मुभा मिळते तेव्हा. माझ्या वहीतल्या नोंदीला हे माप लावले तर त्या दिवशीचे उड्डाण ९.३६ ला संपले.

घड्याळातला फरक पान बरोबर दाखवते, आणि या जोडीत तो वर्षभर एक तासच राहतो, कारण ब्रिटन आणि नेदरलँड्स दोघेही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एकाच क्षणी घड्याळे फिरवतात. सूर्याच्या हिशेबाने पाहिले तर या दोन शहरांत फक्त २० मिनिटांचे अंतर आहे, आणि १९४० पर्यंत ॲम्स्टरडॅमचे घड्याळ खरोखरच लंडनच्या सुमारे २० मिनिटेच पुढे असे. जर्मन ताब्यात गेल्यावर ते बदलले. केएलएम या डच विमान कंपनीचे पहिले विमान १७ मे १९२० रोजी लंडनच्या क्रॉयडनहून दोन पत्रकार आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे घेऊन ॲम्स्टरडॅमला गेले, तेव्हा त्या प्रवाशांना उतरल्यावर घड्याळाचा काटा तेवढाच पुढे सरकवावा लागला असणार.

उरलेल्या सुविधांविषयी फार सांगण्यासारखे नाही. नकाशा आहे, पण तो मोठा करता येत नाही. जाहिराती मध्येच उत्तरावर येऊन बसतात. आगगाडीचा पर्याय मात्र कुठेच नाही, आणि या जोडीपुरती ही मोठी उणीव आहे. २०१८ सालापासून लंडनच्या सेंट पँक्रसहून ॲम्स्टरडॅमला युरोस्टार थेट जाते आणि साधारण चार तासांत शहराच्या मध्यभागी उतरवते. पानावरच्या ५६ मिनिटांपुढे चार तास हास्यास्पद वाटतात. पण त्याच फेरीत मी सकाळी पावणेसहाला घरातून निघाले होते आणि पासपोर्ट तपासणी होऊन, विमानतळाच्या तळघरातून सुटणारी गाडी पकडून, ॲम्स्टरडॅमच्या मुख्य स्थानकावर लंडनच्या वेळेने साडेदहाच्या सुमारास पोहोचले. पावणेपाच तास, आणि त्यांतले हवेत ४१ मिनिटे. गाडीलाही घरातून स्थानक गाठावे लागते आणि तपासणीसाठी आधी पोहोचावे लागतेच, म्हणून तिचे पारडे फार जड होते असे मी म्हणणार नाही, पण फरक तीन तासांचा नक्कीच नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर अंतरासाठी साडेचार, तेही विमानतळाची खूण टाकली तर; आणि वेळेसाठी दीड. मी संकेतस्थळाला लिहून कळवले की निदान 'हवेतील अंदाजे वेळ, ताशी ८५० किलोमीटर धरून' अशी ओळ आकड्याखाली छापा. उत्तर आलेले नाही. मावसभावाला आता मी फक्त विमानाचा क्रमांक पाठवते, आणि तो विमान गेटवर लागल्याचे पाहून मगच ॲम्स्टेलवेनहून मोटार काढतो.